‘साधी काच गळ्यात मारली’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. ड्राय प्लेटसाठी, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी लागणाऱ्या लेप दिलेल्या प्लेटसाठी, काच मागितली तर फ्रेमची साधी २ मिमी काच गळ्यात मारली, वर धार घासण्याचे वेगळे पैसे लावले आणि धुताना इमल्शन (फोटो उमटवणारा जिलेटिनचा लेप) सुटून आलं, असं तुम्ही लिहिलंत. टफन (भट्टीत तापवून कडक केलेली) काच दिली असती तर हे झालं नसतं, असं तुमचं म्हणणं.

टफन काच आम्ही मुद्दामच दिली नाही. एकदा भट्टीतून निघाली की तिला कापायचा हिरा लावता येत नाही, लावला की चुरा. पृष्ठभागावर बारीक लहरही येते. जिलेटिन तिला जास्त घट्ट धरतं असंही नाही. आणि तुम्ही आणलेल्या कॅमेऱ्यात प्लेट धरणाऱ्या जुन्या लाकडी होल्डरमध्ये ३ मिमीचा तुकडा तुमच्यासमोरच अडकला होता, म्हणून २ मिमी.

धार घासण्याचे पैसे मात्र परत मिळणार नाहीत, कारण ते हातकाम आहे. चकचकीत पॉलिश फ्रेमला शोभते. प्लेटच्या कडा आम्ही दगडावर तिरक्या धरून खरखरीत करतो, कारण लेप पकड घेतो तो तिथे. फ्लोट काच वितळलेल्या कथलावर तयार होते आणि एका बाजूला कथलाचा अंश राहतो. शॉर्टवेव्ह यूव्ही दिव्याखाली ती बाजू दुधट चमकते. आम्ही प्रत्येक तुकडा तसा तपासून दुसऱ्या बाजूच्या कागदावर ‘लेप इकडे’ लिहून दिलं होतं.

तुमच्या फोटोत लेप कोपऱ्यापासून दुधावरच्या सायीसारखा अख्खा उचलला गेलाय. मे महिन्यात दुपारी नळाखाली धुतलं, असं तुम्हीच लिहिलंय. इंदूरात तेव्हा गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. त्यात जिलेटिन फुगून सुटणारच, काच कुठलीही असो. प्रसिद्ध छायाचित्रकार लाला दीनदयाळांनी १८७४ च्या सुमारास याच शहरात नोकरी करता करता कॅमेरा हाती घेतला, तेव्हाही प्लेटा काचेच्याच होत्या आणि उन्हाळा हाच होता.

उरलेले तुकडे खडूची पूड आणि स्पिरिटने घासा. वर पाणी सोडा: पाण्याचे थेंब न होता सलग पडदा उतरला तर काच स्वच्छ. मग क्रोम अ‍ॅलम (जिलेटिन घट्ट करणारा क्षार) घातलेल्या पातळ जिलेटिनचा हात द्या, वाळू द्या, त्यावर इमल्शन. धुवायला बर्फ टाकून गार केलेलं पाणी.

एवढं करूनही सुटलं तर ती प्लेट घेऊन या. त्याच मापाचे नवे तुकडे, धार घासून, आमच्याकडून.