लेकरू जमा करण्याची रीत

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की लेकरांचं करायचं काय, हा प्रश्न आपल्या गावानं उगाच अवघड करून ठेवलाय. शिबिराला पैसे पडतात, आजोळी आता कुणाला वेळ नाही. पण मोंढ्याच्या मागं सार्वजनिक वाचनालय आहे की! वर छप्पर आहे, खाली फरशी आहे आणि काउंटरवर माझ्यासारखा एक माणूस बिनकामाचाच बसलेला असतो.

मोटारसायकल बंद करायची गरज नाही. लेकरू उतरवा, ‘सरांना त्रास देऊ नको’ एवढं म्हणा आणि निघा. सरांचं नाव तुम्हाला माहीत नसतं, लेकराचं नाव सरांना माहीत नसतं. फिटंफाट. फोन नंबर तर अजिबात देऊ नका, नाहीतर सर फोन करतात. थोरली सहा वर्षांची असेल तर चार वर्षांचा धाकटाही तिच्याजवळच ठेवा. पोरीला जबाबदारीची सवय लागते.

वेळेचं म्हणाल तर पाटीवर सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ असं लिहिलंय. मधले सहा तास ओटा मोकळाच असतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणतात, ते मे महिन्यात भर दुपारी त्या ओट्यावर टेकल्याशिवाय पटत नाही.

आत मात्र लेकराला शिकण्यासारखं पुष्कळ आहे. कपाटात कसर लागू नये म्हणून आम्ही डांबरगोळ्या ठेवतो. पांढऱ्याशुभ्र, गोल, हुबेहूब पेपरमिंट. पोटात गेली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, लघवी काळपट होऊ शकते. पण तुमचं लेकरू शहाणं आहे, ते आधी वास घेऊन बघेल.

मग कूलर. आमचा कूलर पत्र्याचा आहे. आत पाणी, पाण्यात पंप आणि पंपाची वायर जिथं सोलली आहे तिथं चिकटपट्टी. अर्थिंगची तार मिस्त्रीनं ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणून सोडलीय, ती पुढची खेप तीन उन्हाळ्यांपासून यायचीच आहे. करंट पाण्यातून पत्र्यात उतरतो. लेकरू रांजणावर हात ओले करून येतं आणि गार वाऱ्यासाठी पत्र्याला गाल लावतं. हे मी रोज बघतो, रोज ओरडतो. (कूलर बंद केला तर अभ्यासिकेतली स्पर्धा परीक्षेची पोरं माझ्यावर ओरडतात.) भिंतीला न आवळलेली लोखंडी रॅकही आहेत. त्यांवर चढता येतं, एवढं सांगितलं तरी पुरे.

आता मुख्य गोष्ट, लेकरू परत न्यायची. पुस्तक बाहेर न्यायचं तर अनामत, सभासद क्रमांक, सही आणि तारखेचा शिक्का लागतो. लेकरू न्यायला यातलं काहीच लागत नाही. गेल्या महिन्यात एक जण ‘मी मामा’ म्हणत आला. लेकराला विचारलं, ‘हे तुझे मामा का?’ त्यानं मान आधी हो म्हणून हलवली, मग नाही म्हणून. मी भिंतीवरच्या १०९८ च्या, म्हणजे लेकरांच्या मदतीच्या फोन नंबरच्या पोस्टरकडं बघत अर्धा तास त्या माणसाला चहा पाजत बसवलं. तो खरंच मामा निघाला. ते कुटुंब माझ्याशी अजून बोलत नाही.

१९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात. आमचं ‘क’. तपासणीला साहेब येतात, पुस्तकं मोजतात, वर्तमानपत्रं मोजतात. रात्री न नेलेली लेकरं किती, असा रकाना त्यांच्या कागदात मला तरी दिसला नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यात कलम ७५ आहे, लेकराकडं जाणूनबुजून दुर्लक्ष करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. तुम्ही घाबरू नका. तुम्ही दुर्लक्ष कुठं करताय, तुम्ही तर संस्कार करताय.

परवा रात्री एक गृहस्थ साडेआठला आले. कुलूप लावून मी आणि त्यांचं लेकरू पायरीवर बसलो होतो. साडेआठ का झाले, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फक्त लेकरानं परत आणलेलं पुस्तक चार दिवस उशिरा आलं होतं, म्हणून चार रुपये दंड मागितला.

‘चार रुपये? अहो सर, लहान लेकरू आहे, काही माणुसकी?’

पाच-दहा मिनिटं वाद झाला. मग खिसे चाचपून म्हणाले, सुटे नाहीत, सकाळी आठला लेकराजवळ देऊन पाठवतो.