मग काम कधी सुरू करणार?

गेल्या रविवारी दुपारी आमच्याकडे एक पाहुणे येऊन गेले आणि निघताना दारात त्यांनी जो प्रश्न विचारला, तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. प्रश्न सांगण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल, ती लवकर उरकते. पणजोबांनी बांधलेले घर बरीच वर्षे बंद होते, बाबांना त्या घराचे वेड आहे, दादाला जुन्या वस्तूंचे वेड आहे आणि मला ‘नाही’ म्हणता येत नाही. या तीन दोषांच्या संयोगामुळे गेले अकरा महिने बाबा, दादा, वहिनी, माझा तेरा वर्षांचा मुलगा आणि मी सुटीचा एकेक दिवस त्या घराच्या जीर्णोद्धारात घालवत आहोत.

पाहुणे म्हणजे बाबांचे मावसभाऊ, आमचे काका. त्यांचे सारे आयुष्य बांधकामाच्या व्यवसायात गेले. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हातात पितळी टोपणाची एक काठी असते, परंतु काठीचा उपयोग चालण्यासाठी करतात हे त्यांना कोणी सांगितलेले नसावे. दारातून आत आल्याबरोबर त्यांनी डाव्या हाताच्या भिंतीवर काठीने तीन ठोके दिले, भिंतीला कान लावला आणि शस्त्रक्रियागृहातून बाहेर आलेल्या डॉक्टरसारखा चेहरा करून ते म्हणाले, “पोकळ.”

ती भिंत पोकळ नव्हती. ती भिंत म्हणजे माझे चार महिने होते. तिच्यावर मध्यंतरी कोणीतरी मायेने सिमेंटचा गिलावा चढवला होता आणि तेव्हापासून जमिनीतून वर चढणारी ओल आतल्या आत कोंडली जाऊन पोपड्यांच्या आणि पांढऱ्या क्षारांच्या रूपाने जमेल तिथून बाहेर पडत होती. जुन्या चुन्यातल्या भिंतीला श्वास घ्यावा लागतो, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते काव्य वाटले होते. छिन्नी-हातोडी घेऊन सिमेंट उकरायला बसल्यावर ते निव्वळ स्थापत्यशास्त्र आहे हे पटले. सिमेंट काढल्यावर आम्ही चुन्याचे तीन थर दिले. चुना हा अत्यंत सावकाश स्वभावाचा पदार्थ आहे. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेत हळूहळू पुन्हा दगड होतो आणि तोपर्यंत त्याला कडक उन्हापासून जपावे लागते, ओलसर ठेवावे लागते आणि घाई केली की तो रुसून तडकतो. इतकी मनधरणी मी माझ्या मुलाचीही केलेली नाही.

“याला सिमेंट का नाही लावलं?” काकांनी विचारले.

“काका, सिमेंटच होतं. ते काढलं.”

काकांनी काठी खाली टेकवली. ती पूर्ण भेटीत एकदाच खाली टेकली, म्हणून मला लक्षात आहे.

“होतं ते काढलं?”

“हो.”

“आणि चुना लावला?”

“हो.”

“मुद्दाम?”

मी मान डोलावली. काकांनी बाबांकडे असे पाहिले, की मुलीच्या शिक्षणावर झालेला सगळा खर्च त्यांच्या डोळ्यांपुढून सरकत असावा. मग ते आतल्या दाराकडे वळले.

दारावर रंगाचे सात थर होते. हे मी अंदाजाने सांगत नाही. रंगाच्या एका कोपऱ्यात पॉलिश पेपरने छोटा गोल घासत गेले, की झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी एकात एक रंगांची कडी दिसू लागतात आणि मधोमध सर्वांत जुना रंग सापडतो. ओटीचा मूळ रंग कोणता, यावर बाबा आणि आत्या यांच्यात सहा आठवडे अबोला होता; बाबांना हिरवा आठवत होता, आत्याला निळा. गोल घासल्यावर तळाशी गेरूसारखा तांबूस रंग निघाला. त्यावर दोघांनी तत्काळ समेट केला आणि माझ्या घासण्यातच काहीतरी चूक आहे असा एकमुखाने निर्वाळा दिला. 1964 साली व्हेनिसमध्ये जगभरच्या जाणकारांनी जुन्या वास्तूंच्या जतनाची जी सनद तयार केली, तिच्यात जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराने थांबावे असे म्हटले आहे. दादाने ते वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून हत्यारांच्या पेटीवर चिकटवले आहे. आमच्या घरात तर्क उंबरठ्यापासून सुरू होतो आणि सनदेवर सह्या करणाऱ्या मंडळींना आत्या नसाव्यात, एवढेच माझे म्हणणे आहे.

तर ते सात थर मी मशीनने उडवले नाहीत, कारण जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते आणि त्याची कोरडी धूळ श्वासातून आत गेलेली बरी नव्हे. म्हणून पाणी शिंपडत, तोंडाला मास्क बांधून, खाली प्लॅस्टिक अंथरून, पोपडे गोळा करत ते दार मी वीतवीत करून मोकळे केले. हे सगळे मी काकांना सविस्तर सांगितले, कारण निदान या ठिकाणी कौतुकाला वाव आहे अशी माझी समजूत होती.

“शिसं!” काका हसले. “अगं, आम्ही लहानपणी खिडकीत बसून ते पोपडे चघळायचो. गोड लागायचे. आम्हाला काही झालं का?”

या प्रश्नाचे उत्तर मी केवळ संस्कारांमुळे दिले नाही. शिशाचा रंग खरोखरच गोडसर लागतो, आणि म्हणूनच तो लहान मुलांच्या बाबतीत इतका घातक ठरतो, हे मला माहीत होते. शिसे मेंदूवर परिणाम करते, हेही माहीत होते. समोर एक नमुना भिंती ठोकत उभा होता. मी गप्प राहिले.

पुढचा मुक्काम खिडकीपाशी झाला. तिथल्या जुन्या तावदानांतून बाहेरचे झाड पाण्यात हलल्यासारखे दिसते आणि दादाचा जीव त्या लहरींमध्ये अडकला आहे. काकांनी तावदानावर काठी वाजवली (माझ्या काळजाचा ठोका चुकला) आणि सांगितले, की काच हा मुळात द्रव असतो, तो शतकभरात ओघळून खाली जमतो, म्हणून जुन्या काचा खाली जाड होतात आणि त्या वेळीच बदलाव्यात. त्यावर माझा मुलगा म्हणाला, “आजोबा, काच वाहत नाही. पूर्वी ती फुंकून बनवायचे, म्हणून जाडी सारखी येत नसे.” वाक्य सभ्य होते, स्वर सभ्य होता, माहिती बरोबर होती. काकांनी त्याच्याकडे दयेने पाहिले आणि मला विचारले, “याचा अभ्यास कसा चाललाय?”

इथे थोडे विषयांतर करून मला माझ्या सख्ख्या भावाबद्दल बोलायचे आहे, कारण काकांवर सगळा राग काढणे अन्यायाचे होईल. दादाचे जुन्या वस्तूंवरचे प्रेम निखळ आहे, म्हणजे त्यात श्रमाची भेसळ नाही. तो वस्तू आणतो, हातात फिरवतो, “आता असं काम होत नाही” असे म्हणतो आणि माझ्या हातात देऊन पुढची शोधायला जातो. एका डब्यात त्याने एकेचाळीस किल्ल्या जमवल्या आहेत. त्यांतली एकही घरातल्या कोणत्याही कुलपाला लागत नाही, आणि ज्या कपाटाला कुलूप आहे त्याची किल्ली तेवढी हरवली आहे. बिजागऱ्या बसवताना त्याने चौफुली खाचेचे स्क्रू वापरू दिले नाहीत, कारण त्या खाचेचे पेटंट 1936 सालचे आणि आमचे दार त्याआधीचे. म्हणून एका सरळ खाचेचे स्क्रू शोधले गेले. त्या खाचेतून पेचकस निसटतो. तो दोनदा निसटला आणि दोन्ही वेळा माझ्याच अंगठ्यावर आला. बेकलाइट या सुरुवातीच्या प्लॅस्टिकचे काळे गोल स्विच जपायचे, कारण ते 1907 साली लागलेल्या शोधाचे वंशज आहेत; पण आतली वायर तर बदलायलाच हवी, कारण तिच्यावरचे रबर कडक होऊन हाताला भुग्यासारखे लागत होते. मग सगळी नवी वायर जुन्या लाकडी पट्ट्यांच्या आड अशी लपवायची, की ती कोणाला दिसता कामा नये. पितळेची कडी घासायची, पण चकचकीत करायची नाही. तिच्यावरची काळसर झाक म्हणजे तिचे वय, ते पुसायचे नाही. म्हणजे कष्ट करायचे आणि केल्याचा पुरावा नष्ट करायचा. असे काम यापूर्वी फक्त गुन्हेगार करत असत.

आणि धूळ कोण पुसते? नक्षीकामाच्या खाचाखोचांतली धूळ जुन्या दातघासणीने काढावी लागते. वहिनी आणि मी ती काढतो. गतकाळाचा सुगंध की काय म्हणतात, तो दादाला येतो; आम्हाला शिंका येतात. घराण्याचा वारसा जपला पाहिजे असे पुरुषांनी ठरवायचे आणि वारशावरून फडके बायकांनी फिरवायचे, ही परंपरा मात्र कोणी न जपताही उत्तम अवस्थेत टिकून आहे. हे मी विनोदाने लिहायला घेतले होते, पण वहिनीने वाचून पाहिले आणि यात विनोद कुठे आहे असे विचारले.

असो. काका मागच्या अंगणात पोहोचले होते. तिथे दोरीवर जवसाच्या तेलाची फडकी सुटी सुटी वाळत घातली होती. हे तेल लाकडात मुरवून झाले, की वापरलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकता येत नाहीत; तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडते, बोळ्यात ती कोंडते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. म्हणून मी ती कटाक्षाने एकेक पसरून ठेवते. काकांनी त्या तेलकट, पिवळट, भोकाभोकांच्या चिंध्यांकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “पाहुणे येणार म्हटल्यावर कपडे तरी आत घ्यायचे.”

शेवटी दिवाणखान्यातले लंबकाचे घड्याळ राहिले होते. हे घड्याळ भिंतीवर किंचित वाकडे आहे आणि ते तसेच असायला हवे. 1656 साली ख्रिस्तियान हॉयगेन्सने घड्याळाला लंबक जोडला, तेव्हापासून या जातीचा एक हट्ट आहे, की टिक आणि टॉक यांत सारखे अंतर पडले पाहिजे. आमच्या घड्याळाच्या आतली कुठलीशी पट्टी वाकलेली असल्यामुळे ते अंतर पेटी सरळ टांगल्यावर सारखे पडत नाही, थोडी डावीकडे कलल्यावर पडते. ती जागा सापडायला बाबांना तीन आठवडे लागले. रोज संध्याकाळी ते डोळे मिटून घड्याळासमोर उभे राहत आणि केसाएवढे इकडे, केसाएवढे तिकडे करत. ज्या दिवशी ते सलग चोवीस तास चालले, त्या दिवशी बाबांच्या डोळ्यांत पाणी आले होते. अकरा महिन्यांतला तो एकच क्षण असा, की दादाच्या वेडाबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

“वाकडं आहे,” काका म्हणाले, आणि आम्ही तिघे पुढे सरसावण्याआधी त्यांनी काठीच्या टोकाने घड्याळाची पेटी नेमकी सरळ केली. कारागिराची नजर होती, शंकाच नाही. घड्याळ लंगडत टिक... टॉक-टिक... टॉक असे मिनिटभर चालले आणि थांबले.

“आणि बंदच आहे,” काका म्हणाले.

कोणीच काही बोलले नाही. काकांनी मग घरभर एक शेवटची नजर फिरवली. त्या नजरेच्या टप्प्यात चुन्याच्या भिंती होत्या, सात थरांतून सुटलेले दार होते, लपवलेली वायर होती, वाळवीने पोखरलेले टोक कापून त्याच जातीचे लाकूड सांधलेली आणि तो सांधा कुठे आहे हे आता आम्हालाही न सापडणारी तुळई होती. मनापासून, खऱ्या आपुलकीने त्यांनी विचारले, “घर छान आहे. मग काम कधी सुरू करणार?”

तो प्रश्न हाच. मी उत्तर द्यायला तोंड उघडले, पण त्याआधीच बाबा अत्यंत शांतपणे म्हणाले, “बघू, पावसाळा संपला की.”

काका गेल्यावर दादाचे म्हणणे असे पडले, की आमच्या कामाला याहून मोठी पावती मिळणे शक्य नाही. जीर्णोद्धार केल्याचे दिसले नाही म्हणजेच तो साधला. बाबांनी मान डोलावली आणि डोळे मिटून घड्याळासमोर जाऊन उभे राहिले. मी दादाला सांगितले, की ही पावती तू तुझ्या एकेचाळीस किल्ल्यांच्या डब्यात ठेव. मला कोणीतरी बघायला हवे आहे. मला “अरे बापरे, हे सगळं तुम्ही केलं?” असे ऐकायचे आहे आणि त्यात मला कसलाही कमीपणा वाटत नाही.

म्हणून त्याच संध्याकाळी मी घर उघडल्या दिवशी काढलेले बारा फोटो निवडले: ओलीने फुगलेली भिंत, लोंबकळणारी वायर, वाळवीची तुळई. ते मोठे छापून ओटीवर ओळीने लावायचे, म्हणजे येणाऱ्याला आत शिरण्यापूर्वीच आधीची परिस्थिती कळेल. वहिनीने तत्काळ पाठिंबा दिला. दादानेही विरोध केला नाही. त्याने फक्त एवढेच सांगितले, की या ओटीवर नव्या बाजारी फ्रेम शोभणार नाहीत, आणि तो माळ्यावर चढून बारा जुन्या लाकडी फ्रेम घेऊन आला. त्यांना किडीची भोके आहेत, चार कोपरे सुटले आहेत आणि वर रंगाचे निदान पाच थर आहेत. पहिली फ्रेम कालपासून माझ्यापुढे आहे. वरचा थर निघाला. खाली हिरवा दिसतो आहे, आणि बाबांनी आत्याला फोन लावला आहे.