सेमच आहे ना ताई

आज संध्याकाळी माझ्या बीपीच्या गोळीवरून मेडिकलवर भांडून आले. भांडले म्हणजे काय, मी एकटीच बोलत होते. काउंटरवरचा पोरगा मोबाईलमधून मान वर न काढता एवढंच म्हणायचा, "सेमच आहे ना ताई, कंपनी फक्त बदलली." तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला आणि मागे उभे असलेले आमच्या शाळेतल्या एका पोराचे वडील उगाच पेस्टच्या खोक्यांकडे बघायला लागले. बाई भडकल्या हे आता गावभर होईल. होऊ द्या.

घरी येऊन बीपी मोजलं तर १५६/९६. भांडून आल्यावर मोजलेलं कोण धरतं म्हणा. पण वहीत लिहून ठेवलं.

आधीच सांगते, कारण खाली कोण काय लिहिणार ते मला पाठ आहे. मी जेनेरिकच्या, म्हणजे मूळ औषधाच्या नकलेच्या, विरोधात नाही. सहा वर्षं टेल्मिसार्टन ४० खातेय, त्यातली दोन वर्षं स्वस्तातली. महिन्याचं बिल सव्वादोनशेवरून पन्नासच्या आत आलं. आमच्या भागात ज्यांच्या घरी दोन म्हातारी माणसं गोळ्यांवर आहेत त्यांना विचारा, हा फरक म्हणजे काय असतो. कपाशीला भाव नसला की सगळ्यात आधी बीपीच्या गोळ्या बंद होतात, कारण बीपी दुखत नाही. त्यामुळे स्वस्त गोळी हवीच. आणि ज्यांना 'ब्रँडेड'चा फार अभिमान आहे त्यांनी जरा दम खा. टेल्मिसार्टन मुळात एका जर्मन कंपनीचं. आपल्याकडे महागाच्या पाकिटातून मिळतं तेही बहुतेक नक्कलच असतं, फक्त पाकीट चकचकीत. आपण सगळेच नकला खातोय. प्रश्न तो नाहीच.

प्रश्न हा आहे की मला गेल्या चौदा महिन्यांत चार कंपन्यांची गोळी मिळाली. पहिली छान चालली. दुसरीही. तिसरी सुरू केल्यावर सकाळी डोकं जड, आणि वहीत बघा: १४८/९२, १५२/९४, १४६/९२. आठ दिवस हेच. जेवण तेच, झोप तीच, शाळेचा ताप तोच. पुन्हा पहिली मिळाली, दहा दिवसांनी १३०/८४. आणि आज पोरानं पुढे केली ती पुन्हा तिसरीच. हिरवं पाकीट. मी लांबूनच ओळखलं.

मधल्या काळात मी गोळी बंद केली नव्हती, तेवढी अक्कल आहे. डॉक्टरांना वही दाखवली. ते भले माणूस आहेत, हसले नाहीत. म्हणाले, मोजत राहा, आणि जी चालते ती बदलू नका. न बदलायला ती मिळायला नको का?

माझा एक भाचा बी. फार्म. करून शिरपूरकडे नोकरीला आहे. त्याला फोन केला तेव्हा त्यानं अर्धा तास समजावलं. नकलेची गोळी तपासतात तेव्हा धडधाकट तरुण माणसं घेतात, थोडीच, त्यांना एकदा मूळ गोळी देतात, काही दिवसांनी नक्कल देतात आणि रक्तात औषध किती चढलं ते दोन्ही वेळा मोजतात. दोन्हींचं गुणोत्तर ८० ते १२५ टक्क्यांच्या पट्ट्यात बसावं लागतं. मी म्हटलं, म्हणजे वीस टक्के कमी औषध चालतं? तो चिडला. म्हणाला, मावशी, तसं नाही, सगळेच असं चुकीचं सांगतात. नुसती सरासरी नाही, चुकीला जागा सोडून जी मर्यादा येते ती अख्खी त्या पट्ट्यात बसावी लागते, त्यामुळे खरा फरक फार थोडा असतो. बरं बाबा, असेल. पण मग मी विचारलं, ही कंपनी आणि ती कंपनी, या दोघींची आपसात तुलना कोण करतं? तर म्हणे कोणी नाही. प्रत्येक नक्कल मूळ गोळीशी ताडतात. नकलेशी नक्कल नाही. आणि मी मेडिकलवर जे करते ते हेच ना? एका नकलेवरून दुसरीवर उडी. शिवाय ही तपासणी तरी सगळ्यांना कुठे होती. पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांच्या नकलांना, बाजारात कितीही जुनी असोत, परवान्याआधी ती सक्तीची झाली २०१७ साली. टेल्मिसार्टन त्यातलंच. त्याआधी ज्या गोळ्या बाजारात आल्या त्यांचं काय, यावर भाचा म्हणाला, "मावशी, मला मीटिंग आहे."

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आप्पा, माझे वडील.

आप्पा जिनिंगमध्ये काट्यावर होते. चाळीस वर्षं कापूस तोलला. गाडी आली की काट्यावर घ्यायच्या आधी कोपरापर्यंत हात कापसात घालायचे आणि सांगायचे, पाणी मारलंय. मालकाचं यंत्र नंतर तेच सांगायचं. शिक्षण चौथी. इंग्रजी अक्षर एक नाही.

२०१६ च्या आखाजीला मी माहेरी गेले होते. झोके बांधलेले, ऊन असं की ओट्यावर पाय ठेवता येत नव्हता. आप्पांची गोळी संपली म्हणून मीच मेडिकलवरून घेऊन आले. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी गोळी तळहातावर घेतली, बोटानं फिरवली आणि म्हणाले, "पोरी, हाई मनी गोयी नही." ही माझी गोळी नाही.

मी काय म्हटलं असेल?

"सेमच आहे आप्पा. कंपनी फक्त बदललीय."

मीच. तेव्हा चोवीस वर्षं नोकरी झालेली मास्तरीण. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गोळी तोंडात टाकली. पोरगी शिकलेली आहे, ती कशाला चुकीचं सांगेल.

पुढे तीन आठवडे फोनवर सगळं ठीक होतं. नंतर गेले तर बघते, वहाणेचा मागचा पट्टा ब्लेडनं कापून टाकलेला. का हो आप्पा? काही नाही म्हणे, चावत होता. मी खाली बसून पाय बघितला. घोट्याचं हाड दिसेना. अंगठा दाबला तर खड्डा पडला, कणकेत बोट रुतावं तसा, आणि मी उठून पाणी पिऊन आले तरी तो खड्डा पुरता भरला नव्हता. माय म्हणाली, पंधरा दिवस झालेत, तुला सांगू नको म्हणाले.

डॉक्टरांनी जुनी आणि नवी स्ट्रिप शेजारी शेजारी धरली. जुनीवर एस-अम्लोडिपिन अडीच. नवीवर नुसतं अम्लोडिपिन पाच. बीपीचं काम दोन्ही सारखंच करतात, पण साध्या अम्लोडिपिननं काहींचे पाय सुजतात, 'एस'वाल्यानं सूज कमी दिसते. आप्पांचे सुजले. पुन्हा जुनी गोळी दिली, दोन-अडीच आठवड्यांत पाय ओसरले. म्हणजे सेम नव्हतीच! कंपनी नाही, औषधच वेगळं होतं, एका अक्षरानं. आणि ते अक्षर मला वाचता येत होतं. त्यांना नाही.

कुणी म्हणेल शहात्तरचं वय, दिवसभर खाटेवर पाय लोंबकळत, त्यात खानदेशातलं ऊन, पाय सुजणारच. म्हणा. थोडं त्याचंही असेल. आणि आप्पा त्यानं गेले नाहीत, उगाच कुणी अर्थ काढू नका, ते पुढे चार वर्षं होते आणि वेगळ्याच दुखण्यानं गेले. पण ते जे माझ्याकडे बघणं होतं ना, ते आज काउंटरवर माझ्या तोंडावर आलं असावं. समोरचा पोरगा तेव्हाची मी.

असो. परत मुद्द्यावर येते, नाहीतर रडारड होईल.

मैत्रिणींच्या ग्रुपवर हे टाकलं तर एकीनं लिहिलं, मनाचे खेळ असतात गं, पाकिटाचा रंग बदलला की आपल्याला काहीतरी होतंच. सोबत दात काढणारा चेहरा. हो बाई, असतात. त्याला नाव पण आहे, नोसिबो. भाच्यानं तेही सांगितलं, आणि वर हेही की ही औषधं अंगात स्थिरावायला आठवडा लागतो, दुसऱ्याच दिवशी जे वाटतं ते बहुतेक गोळीचं नसतंच. मान्य. पण माझे आठ दिवस वहीत आहेत. आणि आप्पांच्या पायातला खड्डा कुठल्या मनाचा खेळ होता? शिकलेल्या माणसांना दुसऱ्याचं दुखणं मनात असल्याचं फार लवकर कळतं.

तिच्याच सासऱ्यांचं सांगू का? मेटोप्रोलॉल, हीही बीपीचीच गोळी. चिठ्ठीवर सक्सिनेट, दिवसातून एकदा, हळूहळू सुटणारी. मेडिकलवाल्यानं टार्ट्रेट दिली, साधी, जी दोनदा घ्यावी लागते. आकडा तोच, २५. म्हातारा रोज पहाटे छातीत धडधडतंय म्हणून उठून बसायचा. तेव्हा नाही गं म्हणालीस मनाचे खेळ.

आता माझी चूक. लिहिणारच होते, म्हटलं शेवटी लिहू, पण लिहिते. मी त्या गोळ्या रविवारी स्ट्रिपमधून काढून सात खणांच्या डबीत भरायचे. सोम, मंगळ, बुध. फार हुशारी वाटायची. टेल्मिसार्टन हवेतली ओल पिते. म्हणून तर ती दोन्ही बाजूंनी जाड पत्र्यासारख्या पाकिटात येते आणि घ्यायच्या वेळीच फोडायची असते. तिसऱ्या कंपनीची गोळी मी खाल्ली ती श्रावणात, डबीतून. शनिवारच्या खणातली बोटाला मऊ लागायची. म्हणजे ते १५२/९४ कंपनीचं की माझ्या डबीचं? आता शपथेवर नाही सांगता येत. काट्यावरच्या माणसाच्या पोरीला ओल कळली नाही.

हे पोराला सांगितलं नाही मी. भांडताना कोण सांगतं?

पण मग दुकानांनाही विचारा की. पाकिटावर छापलेलं असतं, ३० अंशांच्या खाली ठेवा. ३० अंश? इथे? मे महिन्यात? आज दुपारी ४४ होतं. दुकानाला पत्र्याचं छत, लाइट दोनदा गेली, आणि खोकी लागलेली पश्चिमेच्या भिंतीला. त्याआधी कुठल्या टेम्पोत किती तास भाजून आली देव जाणे.

आणि कायदा म्हणाल तर तो माझ्याच अंगावर येतो. डॉक्टरांनी कंपनीचं नाव लिहिलं असेल तर दुकानदाराला परस्पर दुसरी गोळी देता येत नाही, तसा नियम आहे. पाळतं कोण ते सोडा. पण मी हौसेनं औषधाचं नाव लिहून घेते, कंपनीचं नाही. म्हणजे कुठली द्यायची ते दुकानदार ठरवणार आणि आजचा पोरगा कायद्यानं बरोबर. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सगळ्याच डॉक्टरांना असं लिहायची सक्ती आली होती, महिना संपायच्या आत थांबवली. तेव्हा मी इथेच तावातावानं लिहिलं होतं की का थांबवली. कुणी ती पोस्ट शोधू नका.

मला काय हवंय? दर महिन्याला तीच गोळी. स्वस्तातली, पण तीच. नसेल तर "नाही ताई, वेगळी आहे, चालेल का" एवढं विचारा. डोळे वर करून. एवढंच ना.

पाय उतरल्यावर डॉक्टरांनी आप्पांना स्ट्रिपवरचा तो 'एस' बोट ठेवून दाखवला होता. आप्पा म्हणाले, हा तर साप. त्यानंतर मेडिकलवर जाऊन स्वतः मागायचे, "सापवाली दे भो." दुकानातले हसायचे. आप्पा स्ट्रिप डोळ्यांजवळ नेऊन आधी साप शोधायचे आणि मग पैसे काढायचे. माझ्याकडून पुन्हा कधी गोळ्या आणवल्या नाहीत. रागानं नाही. "तू कामात ऱ्हास," म्हणायचे, म्हणजे तू कामात असतेस.

माझ्या गोळीवर सापबिप काही नाही. उद्या सुट्टीच आहे, अकराला दुकान उघडलं की पहिल्या कंपनीची रिकामी स्ट्रिप पर्समध्ये घालून परत जाते. हिरवं पाकीट फोडलेलं नाही, घेतो का परत बघू. पोरगाच असेल काउंटरवर. आधी त्याचं नाव विचारीन म्हणते, आज तेही विचारलं नव्हतं.