लंगोटाऐवजी पान

फ्रेमवाल्याने सँडोला काचेमागे झकास बसवलं होतं. फक्त त्याच्या पायाखालची जाहिरात कापून टाकली होती.

"खाली काहीतरी इंग्रजीत लिहेल होतं, सर. भावबीव. भिंतीवर बरं नाही दिसत. साफ करून टाकलं," असं म्हणून तो कौतुकाची वाट बघत उभा राहिला.

मी खेळांच्या आणि व्यायामाच्या जुन्या जाहिराती जमवतो. जाहिराती. पहिलवान त्यांच्यासोबत फुकट येतो. या पानावर वर युजीन सँडोचा फोटो होता आणि खाली त्याच्या स्प्रिंगच्या डंबेलची जाहिरात. उभं चिरलेलं डंबेल, दोन अर्धुकांच्या मधे स्प्रिंगा, आणि ती मुठीत आवळत बसायची. प्रशियात कोनिग्सबर्गला १८६७ साली जन्मलेल्या या गड्याची खरी ताकद दंडात नव्हतीच, दुकानदारीत होती. डंबेल विकलं, पोस्टाने व्यायामाचे धडे विकले, स्वतःच्या नावाचा कोकोसुद्धा विकला. १९०१ साली लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची स्पर्धा भरवली आणि परीक्षक म्हणून शेजारी शेरलॉक होम्सवाल्या कॉनन डॉईलला बसवलं. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही खेळ करून गेला. म्हणजे फोटो हा नुसता चारा होता, गळ खाली होता. आणि धुळ्यात पाच कंदीलजवळच्या या भल्या माणसाने गळ फेकून चारा काचेत मढवला होता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून अहिराणीत आवाज आला, "हाऊ कोन शे?"

बाबा ऐंशीच्या पुढचे असावेत. पांढरी टोपी, धोतर, आणि फुटलेले कान. कुस्तीत कान चुरगळून तसे होतात, ते बघूनच मी ओळखलं की आता सुटका नाही. मारुतीच्या तसबिरीची काच बदलायला आले होते. माझी फ्रेम त्यांनी न विचारता उचलली, लांब धरली, जवळ धरली.

"सँडो. शंभर वर्षांपूर्वीचा मोठा पहिलवान," मी म्हणालो.

"लंगोट कथा शे?"

प्रश्न रास्त होता. सँडो पुतळ्याच्या पवित्र्यात उभा होता आणि लंगोटाच्या जागी एक पान होतं. त्या काळी तिकडे असे फोटो काढायची रीत होती, ग्रीक पुतळ्यांची नक्कल. ते अंजिराचं पान असतं, वगैरे मी समजावू लागलो.

"पान?" बाबांनी फ्रेम काउंटरवर ठेवली. "अन् पान पडनं तं?"

यावर कलेच्या इतिहासात उत्तर असेलही, पण मला सुचलं नाही. मी विषय बदलायला म्हणून सांगितलं की हा माणूस अंगाला पांढरी भुकटी फासून उभा राहायचा, संगमरवरी दिसावं म्हणून. तिथेच फसलो. बाबांना भुकटीचा जास्तच राग आला. आखाड्यातली लाल माती कशी असते, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू किती आणि कधी घालायचं, ती रोज का खणायची, हे सगळं त्यांनी फ्रेमवाल्याला सांगितलं. मला नाही. मी भुकटीच्या पार्टीचा माणूस ठरलो होतो.

"भिंग शे का?"

माझ्या खिशात ते असतंच, हे त्यांनी कसं ओळखलं देव जाणे. त्यांनी भिंग घेतलं आणि सरळ पानावर धरलं. बराच वेळ बघितलं.

"आथा तं नुसता ठिपकाच शेतस."

आता हा माझा प्रांत. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं की मासिकात छापलेला जुना फोटो असाच काळ्या ठिपक्यांचा असतो. जुनं रंगीत दगडछाप चित्र असेल तर दाणे वेडेवाकडे, हाताने टिंबं दिल्यासारखे दिसतात, कारण प्रत्येक रंगाला वेगळा दगड असायचा. आणि रंगीत चित्राची हल्लीची नक्कल असेल तर चार रंगांचे ठिपके एकमेकांभोवती फुलासारखे मांडलेले दिसतात. तशी नक्कल मुंबईला चोर बाजारात जुनी म्हणून गळ्यात मारतात. बाबांनी पुन्हा भिंग लावलं. मीही वाकलो. अशा रीतीने आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून एका परक्या माणसाच्या पानाचे ठिपके बघत असताना सत्यनारायणाची तसबीर घ्यायला एक बाई आल्या. पायरीवर थांबल्या आणि "नंतर येते" म्हणून गेल्या. माझ्याच कॉलनीतल्या होत्या, हे नंतर आठवलं.

"आमना गावले ये म्हना त्याले," बाबा समेट करत म्हणाले, "केयनं पान देसूत. पुरं झाकाई जाई."

केळीच्या पानापर्यंत ठीक होतं. पण मग त्यांनी सँडोवरून नजर उचलली आणि माझ्यावर आणली. हा क्षण नेहमी येतो. लग्नात, ऑफिसात, साडूच्या घरी, कुठेही माझा संग्रह निघाला की समोरचा आधी चित्र बघतो, मग माझं पोट, मग माझे दंड, मग पुन्हा चित्र. ढाली-तलवारी जमवणाऱ्याला कोणी विचारत नाही की बाबा रे, आजवर मुंडकी किती उडवलीस? जुनी तिकिटं जमवणाऱ्याकडून घरोघर पत्रं वाटण्याची अपेक्षा नसते. मला मात्र छातीचं माप द्यावं लागतं. एका पाहुण्याने तर माझ्याकडची, शरीर कमावायचे धडे विकणाऱ्या चार्ल्स ॲटलसची जाहिरात बघून, समुद्रावर ज्याच्या तोंडावर दांडगट वाळू उडवतो तो सत्त्याण्णव पौंडांचा मरतुकडा मुलगा बघून, "हे तुमचं तरुणपण का?" असं विचारलं होतं. सत्त्याण्णव पौंड म्हणजे चव्वेचाळीस किलो. मी तेव्हाही एवढा हलका नव्हतो.

बाबांनी माझा दंड चाचपला. भरताचं वांगं दाबून बघतात तसा. मग फ्रेमवाल्याला म्हणाले, "जाहिरातमा पहिले अन् नंतर असा दोन फोटो ऱ्हातस ना? यासना फोटो 'पहिले'मा लाव."

फ्रेमवाला हसला. जाहिरात कापणारा हसला, हे मला जास्त लागलं.

मग बाबा बसले आणि आपलं सांगू लागले. जत्रेच्या दंगलींची हँडबिलं त्यांनी पेटीभर जपली होती म्हणे. पातळ गुलाबी, पिवळे कागद, वर गदा घेतलेल्या मारुतीचा ठसा, खाली इनामाचे आकडे. माझ्या पोटात गोळा आला. ती पेटी आता कुठे आहे? "बंबमा," बाबा म्हणाले. घर बांधायला काढलं तेव्हा महिनाभर आंघोळीचं पाणी त्याच्यावर तापलं.

मी गप्प बसलो. बसतोच. बडोद्याच्या मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. त्यातले सुटे खंड मी एका गावच्या वाचनालयाबाहेर रद्दीच्या गठ्ठ्यात, पावसात भिजलेले पाहिलेत. ग्रंथपालाला विचारलं तर म्हणे, कोणी वाचत नाही. त्याच गावात चौकात 'भावी नगरसेवक' पिळदार दंड दाखवत पंधरा फुटी फ्लेक्सवर उभा होता, आणि तो फ्लेक्स मात्र वाढदिवस उलटून गेल्यावरही कोणी उतरवत नव्हतं. तालमीचं जिम झालं, होऊ दे. पण निदान जुनं दार, जुना फळा, जुना कागद ठेवा ना कोणीतरी. जागा नाही म्हणतात. जागा प्रोटीन पावडरच्या डब्यांना असते. माझ्यासारख्याने मागितलं तर संशय, न मागितलं तर बंब. पुण्या-मुंबईचे दलाल गाडी घेऊन येतात, किलोने नेतात आणि तोच कागद मला हजारात विकतात. मग घरी मला ऐकावं लागतं ते वेगळंच.

असो. मी फ्रेमवाल्याला विचारलं, कापलेला तुकडा कुठंय? त्याने इकडेतिकडे बघितलं, डोकं खाजवलं आणि काच कापायच्या टेबलाच्या पायाकडे बोट दाखवलं. टेबल हलत होतं म्हणे. सँडोच्या स्प्रिंगच्या डंबेलची चौपदरी घडी पायाखाली बसली होती आणि टेबलावर काचांची चळत.

"नंतर काढून देतो, सर. काचा उतरवाव्या लागतील."

बाबा उठले. धोतर खोचलं. टेबलाचा कोपरा दोन्ही हातांनी धरला आणि काचांसकट वर उचलला. "काढा," म्हणाले. आवाज जरासुद्धा हलला नाही. मी गुडघ्यांवर बसून कागद ओढला, तो फाटू नये म्हणून हळू ओढला, आणि तेवढा वेळ बाबा टेबल धरून फ्रेमवाल्याला सांगत होते की बघ, अजून पान लागत नाही.

टेबल खाली आलं आणि लगेच डुगडुगलं. फ्रेमवाल्याने बिल केलं. फ्रेम, काच, मागचा हार्डबोर्ड, आणि शेवटी 'कटिंग ४० रु.'

"हे चाळीस कशाचे?"

"खालचं सफाईने कापलं ना सर. मशीनवर सरळ येत नाही, हाताने कापावं लागलं."

मी आवाज चढवला. त्याने चढवला. बाबांनी दोघांच्या मधे हात घातला, पंच घालतात तसा, आणि कुस्ती बरोबरीत सोडली. वीस द्यायचे. मी दिले. पंचाशी कोण वाद घालणार, तेही नुकतंच टेबल उचललेल्या.

"आणि टेबलाखाली घालायला कागद देऊन जा," फ्रेमवाला म्हणाला. मी त्याचंच बिल घडी करून दिलं. त्याने घालून बघितलं. पुरलं नाही.