पोहे सादळतात म्हणून विकतची पाकिटं?

पावसाळी ट्रेक सुरू झाले की गोव्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: घरी भरलेल्या कोरड्या जेवणाच्या पिशव्या नेऊ नका, इथल्या दमट हवेत त्यांना बुरशी येते, गरम पाणी ओतलं की प्लॅस्टिक वितळतं, आणि मूठभर पोह्यांवर सोंसोगडाचा डोंगर चढवत नाही. म्हणून म्हणे विकतची पाकिटंच घ्या.

बुरशीचं आधी. जुलैत वाळपईला बरणी उघडी राहिली तर रात्रीत सगळं सादळतं, हे खरंच. पण बुरशी वाढते ती पदार्थातल्या ओलाव्यावर. विकतचं पाकीट टिकतं तेही आतला माल कोरडा आणि तोंड घट्ट बंद म्हणूनच. पातळ पोहे मंद आचेवर भाजा. चिमटीत चुरडले की पीठ झालं पाहिजे. फोडणीतला कढीपत्ता वाजेल इतका कुरकुरीत करा, मऊ राहिलेली पानं आपला ओलावा पोह्यांना देतात. ओलं खोबरं, हिरवी मिरची, लिंबू बाद. सुकी मिरची आणि आमचूर घ्या. आणि सगळं पूर्ण गार होईपर्यंत पिशवीला हात लावू नका. घाईत कोमट पोहे भरायचे, आत वाफ धरली की दोष गोव्याच्या हवेला! फोडणीचं तेल मात्र कालांतराने खवट होतं, तेव्हा पिशव्या निघायच्या आदल्या दिवशीच भरा, साठवून ठेवू नका.

प्लॅस्टिकबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. साधं पॉलिथिन साधारण १०५ ते ११५ अंशांना वितळतं आणि पाणी १०० ला उकळतं, म्हणजे पिशवी वितळत नाही, मऊ पडते. तरी उकळतं पाणी तिच्यात ओतू नयेच. पिशवी नेण्यापुरती, खायच्या वेळी पोहे स्टीलच्या डब्यात उलटायचे.

ताकदीचं म्हणाल तर ७० ग्रॅम पोहे आणि ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे यांत चारशेच्या आसपास कॅलरी भरतात. तेवढ्याच वजनाच्या भातात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. हवा तर भाजलेला सुका जवळा वेगळ्या पुडीत न्या, फक्त पाठपिशवीला त्याचा वास राहील.

मेसेजात चुलीचा विचारच नाही. मोले किंवा म्हादईच्या अभयारण्यात जंगलाला धोका होईल अशी आग पेटवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. विकतच्या बहुतेक पाकिटांना उकळतं पाणी लागतं. पातळ पोह्यांना बाटलीतलं पिण्याचं पाणी शिंपडलं तरी पुरतं.