‘तो काही करत नाही’ : नवीन कुत्रामालकांसाठी थोडं मार्गदर्शन

सगळ्यात आधी अभिनंदन. कुत्रा घेतलात, उत्तम केलंत. नाव ब्रुनो ठेवलं असेलच, नसेल तर सिंबा, कारण मोती नि वाघ्या आता फक्त गावाकडे उरलेत. घरात सगळे अस्सल मराठी असलात तरी कुत्र्याशी मात्र इंग्रजीतच बोलायचं, ‘ब्रुनो नो! ब्रुनो सिट! ब्रुनो कम हिअर!’, आणि तो आला नाही की मग मराठीत ‘ए गाढवा’. हे सगळ्यांना जमतं, शिकवावं लागत नाही.

आता पट्टा. पट्टा चांगला महागातला घ्या, आतून मऊ लायनिंग असलेला. खाली फिरायला जाताना तो न विसरता घ्यायचा आणि स्वतःच्या गळ्यात घालायचा, डॉक्टर लोक स्टेथोस्कोप घालतात तसा. कुत्र्याच्या गळ्यात अजिबात नको. लांबून बघणाऱ्याला कळतं की हा माणूस जबाबदार आहे, पट्टा आणलाय, आणि कुत्र्यालाही मोकळं वाटतं. आमच्या सोसायटीत एक साहेब गेली तीन वर्षं असेच फिरतायत, पट्टा त्यांच्या गळ्यात आणि त्यांचा तो पस्तीस किलोचा रॉटवायलर पुढे पार्किंगमधे, कुठल्या गाडीखाली मांजर आहे ते तपासत.

मग येतं ते मुख्य वाक्य. हे पाठ करा. ‘घाबरू नका, तो काही करत नाही.’ हे कमीत कमी तीस फुटांवरून म्हणायचं, चालण्याचा वेग न वाढवता, जमल्यास फोन कानाला लावूनच. समोरचा भिंतीला चिकटून उभा असेल, हातातली भाजीची पिशवी छातीशी धरली असेल, तर दुसरं वाक्य टाकायचं, ‘तुम्ही घाबरलात की त्याला वास येतो’. म्हणजे चूक कोणाची ते लगेच स्पष्ट होतं. लहान मूल असेल तर ‘पळू नकोस बाळा, पळालास की तो मागे लागतो’ असं सांगायचं. कुत्र्याचं तोंड ज्याच्या बरोब्बर तोंडासमोर येतं अशा पाच वर्षांच्या पोराने त्या क्षणी पुतळ्यासारखं उभं राहायचं, आणि कुत्र्याने मात्र मोकळं असायचं. शिस्त कोणाला लावायची एवढं एकदा ठरवून टाकलं की पुढचं सोपं जातं.

सांगून टाकतो, माझ्याकडेही आहे. देशी, रस्त्यावरनंच उचललेली, सात वर्षांची बाई, आणि तिला अनोळखी कुत्री आवडत नाहीत. ती पट्ट्यात असते म्हणजे तिला पळता येत नाही, आणि पळायची सोय नसलेलं जनावर आधी गुरगुरतं, मग दात दाखवतं, हे साधं आहे. पण तुम्ही हे लक्षात घेऊ नका. तुमचा मोकळा ब्रुनो धावत येऊन तिच्या तोंडाला तोंड लावणार, ती गुरगुरणार, आणि तुम्ही लांबून म्हणायचं, ‘तुमची अॅग्रेसिव्ह आहे का हो? ट्रेनर लावा ना.’ मला हे दोन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलंय. एकाने तर ट्रेनरचा नंबरही पाठवला.

कुत्र्याची भाषा शिकायच्या भानगडीत पडू नका. शेपूट हलतंय म्हणजे खूश, बास, विषय संपला. ते शेपूट उंच ताठ धरून नुसतं टोकाला थरथरतंय का, कुत्रा एकदम जागच्या जागी थिजलाय का, मघाशी उघडं असलेलं तोंड गप्पकन मिटलंय का, डोळ्याचा पांढरा भाग कडेने दिसतोय का, पाठीवरचे केस उभे राहिलेत का, असलं काही बघायला लागलात तर तुम्हाला वेळेवर कळेल, आणि वेळेवर कळलं की त्याला मागे घ्यावं लागेल, आणि मागे घ्यायला पट्टा लागेल, तो तर तुमच्या गळ्यात. नको ती कटकट. तो गुरगुरला की फटका मारायचा म्हणजे तो गुरगुरणं सोडून देतो. पुढच्या वेळी मग थेट चावतो, आधी काही न सांगता, आणि तुम्हाला ‘असा कधी करत नाही हो’ असं मनापासून म्हणता येतं.

जातीवरून कोणी बोललं तर तयार राहा. मार्च 2024 मधे केंद्र सरकारने एक पत्रक काढून पिटबुल, रॉटवायलर धरून 23 जातींवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं होतं आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक हायकोर्टाने ते रद्द केलं, हे तोंडपाठ हवं. मग ऐटीत म्हणायचं, ‘जात नाही हो, संस्कार महत्त्वाचे’. वाक्य शंभर टक्के बरोबर आहे, फक्त संस्कार करायचं काम वॉचमनवर सोडायचं. सकाळी त्याच्याकडे द्यायचा, दुपारी गॅलरीत बांधायचा, रात्री अकराला मोकळा सोडायचा, झाले संस्कार.

लिफ्टचं मात्र नीट ऐका. लिफ्ट हा तुमचा हक्क आहे. अॅनिमल वेल्फेअर बोर्डाने 2015 मधे सूचना काढल्यात, सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, आणि वर राज्यघटनेतलं कलम 51 ए (जी) आहेच, प्राणिमात्रांविषयी दया. या कागदाची झेरॉक्स खिशात ठेवा. त्याच सूचनांमधे सार्वजनिक जागी पट्टा लावा, त्याची घाण उचला असंही मालकांना सांगितलंय, पण झेरॉक्सवाल्याला सांगितलं तर तो तेवढा भाग वगळून देतो. 2022 मधे गाझियाबादला एका सोसायटीच्या लिफ्टमधे शाळकरी पोराला कुत्रा चावला, मालकीणबाई शेजारी उभ्या, पोरगं कळवळतंय आणि बाई शांतपणे आपल्या मजल्याची वाट बघतायत, तो व्हिडिओ देशभर फिरला, पालिकेने पाच हजार दंड केला. त्यातून शिकण्यासारखं एवढंच की लिफ्टमधे आता कॅमेरे असतात, तेव्हा निदान चेहऱ्यावर थोडी काळजी दाखवा.

बाबांचं सांगतो. वय 74, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून रोज संध्याकाळी खाली बी विंगपर्यंत दोन फेऱ्या. त्या दिवशी कोपऱ्यावरून एक गोल्डन रिट्रीव्हर आला, खरंच प्रेमळ कुत्रा, मी त्याला ओळखतो, बिस्किटं दिलीत मी त्याला. तो यांच्याकडे धावत आला, बाबा मागे सरकले, मागे फ्लॉवर बेडची कड. उजवा हात टेकवून पडले. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. कुत्र्याचा केसही लागला नव्हता त्यांना. मी पोचलो तेव्हा तो बिचारा त्यांच्या कानापाशी चाटत होता आणि मालक विचारत होते, ‘चावला नाही ना पण? चावला नाही ना काका?’ आणि बाबा, जन्मभर सरकारी नोकरीत ‘असू द्या साहेब’ म्हणायची सवय, डाव्या हाताने चष्मा शोधत म्हणतात, ‘नाही नाही, काही केलं नाही त्याने’. सहा आठवडे मी त्यांच्या शर्टाची बटणं लावली. तर हा प्रसंग लक्षात ठेवा, दात न लागता माणूस पडला तर ती तुमची केस होतच नाही, ती फ्लॉवर बेडची केस असते.

आणि समजा चावलाच. तर शब्द जपून वापरायचे. ‘चावला’ म्हणायचं नाही, ‘दात लागला’ म्हणायचं. घरकामाच्या मावशी असतील किंवा पार्सलवाला पोरगा असेल तर पाचशेची नोट आणि ‘हळद लाव, बरं होईल’. काही घरांत चुना नाहीतर तिखट भरायची पद्धत आहे, तीही चालते, जखम झाकली जाते ना. साबण लावून वाहत्या नळाखाली जखम पंधरा मिनिटं धुवायची असं डॉक्टर सांगतात, पण त्यासाठी त्या पोराला वर तुमच्या बाथरूममधे न्यावं लागेल आणि टाइल्स नवीन आहेत. लसीबद्दल विचारलं तर ‘सगळी झालीयेत त्याची’ म्हणायचं, कार्ड मागितलं तर दुखावल्यासारखं बघायचं. त्या पोराला मात्र चारदा जावं लागणार, त्याच दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, कातडीतली लस असेल तर, आणि दंडात घेतली तर मधे चौदाव्या दिवशी अजून एक, रक्त आलं असेल तर पहिल्याच दिवशी जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन, वेगळं. प्रत्येक वेळी अर्धा दिवस सरकारी दवाखान्याच्या लाइनीत, त्या दिवशीची कमाई गेली. तुम्ही त्याला दिलासा द्यायचा, ‘अरे आता काय पूर्वीसारखी पोटात चौदा इंजेक्शनं नसतात’. हे खरंय, ती जुनी लस आपल्याकडे 2004 च्या शेवटी बंद झाली. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही हेही खरंय, पण उगाच कशाला वातावरण खराब करा. आणि दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवायचं असतं, त्या दहा दिवसांत त्या पोराचा फोन आला तर उचलायचा नाही.

पोलिसांचं काय, असं विचाराल. भारतीय न्याय संहितेचं कलम 291, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून कोणाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या आयपीसीत हेच 289 होतं आणि दंड फक्त एक हजार, 2024 पासून पाचपट झाला, सगळंच महाग झालंय. पण मावशी काही चौकीत जात नाहीत, त्यांना तुमच्याच बिल्डिंगमधे अजून तीन कामं आहेत. पालिकेचा कुत्र्याचा परवानाही काढावा लागतो, हे तुम्हाला आत्ता इथे वाचून कळलं असेल तर तुम्ही बहुमतात आहात.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी फोटो टाकून तक्रार केलीच तर ताबडतोब भटक्या कुत्र्यांवर घसरायचं. ‘गेटबाहेर बारा कुत्री फिरतात ते दिसत नाही, आमचाच ब्रुनो दिसतो’. हा हुकमी एक्का आहे. ऑगस्ट 2025 मधे सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांवर आधी एक आदेश दिला नि अकरा दिवसांत तो बदलला, तेव्हापासून तर या विषयावर ग्रुपमधे दोन तट पडायला तीन मिनिटं लागतात, रात्री दीडपर्यंत चालतं, आणि तुमचा पट्टा कुठे होता ते सगळे विसरतात. मी स्वतः विसरलोय एकदा, इतका भांडत होतो.

टेकडीवर नेणार असाल रविवारी, तर तिथे सोडायलाच हवा. पुण्यातली वेताळ टेकडी काय, तळजाई काय, एवढी मोकळी जागा कशाला आहे. मोर असतात, त्यांच्या मागे सोडला की व्यायाम होतो आणि रीलही चांगलं येतं. टिटवी जमिनीवरच अंडी घालते, ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की म्हणायचं ‘बघ ब्रुनो, बर्डी’.

फक्त टेकडीवर एक अडचण येऊ शकते, तुमच्यासारखेच अजून कोणीतरी येतात. वरच्या वाटेवरून कांगलसारखं एखादं अवाढव्य कुत्रं, वासराएवढं, मोकळं सुटलेलं, धडधडत खाली येतं. ब्रुनो पहिल्यांदाच तुमच्या पायात शिरतो. मग धूळ, केस, एक असा आवाज जो तुम्ही त्याच्या तोंडून कधी ऐकलेला नसतो, आणि तुम्ही ओरडताय ‘धरा! अहो धरा त्याला! पट्टा कुठाय तुमचा!’ आणि वर, चांगलं चाळीस फुटांवर, एक गृहस्थ सावकाश उतरतायत, ट्रॅकसूट, कानाला फोन, गळ्यात छान मऊ लायनिंगचा पट्टा. ते हात हलवतात. ते काय म्हणणारेत ते तुम्हाला माहितीये.