कैरोचे जुने वाडे म्हातारपणाने पडत नाहीत

जुन्या कैरोबद्दल एक मत सध्या फार फिरतंय. तिथली जुनी घरं आणि राजवाडे राहण्यालायक उरले नाहीत, भूकंपात ते जीव घेतात, आणि जपायला गेलं की गरीब भाडेकरू रस्त्यावर येतो. तेव्हा ते पडू द्यावेत. मला हे मान्य नाही.

आधी राहण्यालायक असण्याबद्दल. दर्ब अल-अस्फर गल्लीतलं बैत अल-सुहैमी हे जुनं घर घ्या. १६४८ साली बांधलेलं, १७९६ मध्ये वाढवलेलं. आत सावलीचा चौक, मागे बाग, आणि दोहोंच्या मधोमध तख्तबोश नावाची बैठक: चौकाच्या बाजूने पूर्ण उघडी, बागेच्या बाजूला लाकडी जाळी. बाग मोठी, तिथे ऊन जास्त. तिथली हवा तापून वर चढते आणि चौकातली गार हवा या बैठकीतून तिकडे ओढली जाते. घामाने चिंब माणसाला इथे बसल्याबसल्या वारा लागतो, तोही विजेविना. इजिप्तचे वास्तुशिल्पी हसन फथी हीच गोष्ट आयुष्यभर सांगत राहिले. त्याच शहरातल्या सिमेंटच्या खोल्या एसीशिवाय तापतात.

भूकंपाचा मुद्दा अर्धा खरा आहे. ऑक्टोबर १९९२च्या ५.८ तीव्रतेच्या धक्क्यात पाचशेहून अधिक माणसं गेली, जुनी घरंही पुष्कळ पडली. पण हेलिओपोलिस या कैरोच्या नव्या उपनगरातली काँक्रीटची चौदा मजली इमारतही त्याच दिवशी कोसळली. जुन्या भिंतींना खरा शत्रू पायाशी आहे: गळकी गटारं आणि वर आलेलं भूजल. चुनखडीचा दगड ते पाणी शोषतो, आतलं मीठ बाहेर येऊन फुलतं, पापुद्रे सुटतात. हात फिरवला तर दगडाचा भुगा पडतो. यावर इलाज आहे. बैत अल-सुहैमीची दुरुस्ती भूकंपानंतर, १९९४ पासून झाली आणि ते आज उभं आहे.

भाडेकरूची चिंता मात्र मलाही आहे. भाडी दशकानुदशकं गोठलेली असली की मालक डागडुजी करत नाही. मुंबईत पागडीच्या घरात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पण लोकांना हलवल्याशिवाय घर जपता येत नाही, हे चूक. जुन्या कैरोतल्याच दर्ब अल-अहमर वस्तीत आगा खान ट्रस्ट या संस्थेने रहिवाशांना सोबत घेऊन घरं दुरुस्त केली, छोटी कर्जं दिली, कारागिरांना काम दिलं. उलट माणसांविना सरकारी ताब्यात पडलेल्या वास्तूंचं काय झालं? १४व्या शतकातला अमीर ताझचा राजवाडा शिक्षण खात्याचं गोदाम होता. २००२ मध्ये त्याचा भाग ढासळला, मग कुठे दुरुस्ती झाली. अठराव्या शतकातला मुसाफिरखाना नावाचा राजवाडा, जिथे इजिप्तचा शासक खेदिव इस्माईल जन्मला, १९९८च्या आगीत गेला.

तेव्हा पाडापाडीचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी गटारं दुरुस्त करण्यासाठी भांडावं. खर्च त्यातच कमी आहे, आणि भाडेकरूही तिथेच राहील.